घरकोंबडी झाडं

घरात काय असावं आणि घराबाहेर काय असावं, याबद्दल आपल्या वाडवडिलांच्या कल्पना फार स्वच्छ होत्या. चपला दाराबाहेर, केरसुणी दाराआड, सावकार ओसरीवर आणि झाडं अंगणात. तुळशीचंच घ्या. तिच्याइतकं मानाचं झाड दुसरं नाही. रोज सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा आणि दर कार्तिकात वाजतगाजत लग्न, तेही दरसाल त्याच नवऱ्याशी! पण म्हणून, 'बाई गं, उन्हातान्हात किती उभी राहशील, जरा आत ये, पंख्याखाली बस,' असं तिला आजवर कुणी म्हटलं नाही. देवत्व दिलं तरी ती झाड आहे आणि झाडाला ऊन लागतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक न उघडता त्यांना हे कळलं. आपण ते उघडून, वाचून, परीक्षा देऊन विसरलो.

हे आठवायचं कारण, सध्या आमच्या भागात झाडांना घरात घ्यायची साथ आली आहे. तिला 'इनडोअर गार्डन' म्हणतात. 'घरातली बाग' म्हटलं तर कुणी खिशात हात घालणार नाही. 'इनडोअर गार्डन' म्हटलं की पाचशेच्या दोन नोटा निमूट बाहेर येतात. ही साथ मुंबईत आली असती तर मी लेखणी उचलली नसती. ज्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप तेवढे दिसतात, त्यानं घरात एखादं हिरवं पान ठेवलं तर तो त्याचा हक्क आहे. पण साथ आली आहे मुळशी तालुक्यात. म्हणून हा तक्रारअर्ज.

ज्यांना मुळशी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पुण्याचा चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड असं करत रस्ता मुळशी धरणाकडे जातो आणि पुढे ताम्हिणी घाटानं कोकणात उतरतो. या रस्त्यानं दर कोसाला पाऊस वाढत जातो. पुणे शहराच्या वाट्याला वर्षाकाठी सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस येतो. ताम्हिणीच्या अंगाला तो पाच-सहा हजारांवर जातो. इथं काही उगवायला माणसाची मदत लागत नाही, उगवू न द्यायला लागते. जुलैत सायकल आठवडाभर बाहेर राहिली तर सीटवर शेवाळ धरतं. गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल आठ दिवसांनी काढायला जावं, तर तो एव्हाना वनखात्याच्या अखत्यारीत गेला असेल की काय, अशी शंका येते.

आमची सोसायटी याच रस्त्यावर आहे. माहितीपत्रकात ती 'निसर्गाच्या कुशीत' आहे. प्रत्यक्षात ती निसर्गाची कूस कापून केलेल्या सपाटीवर आहे. दर पावसाळ्यात आमच्या कुंपणाच्या भिंतीवर नेचे उगवतात. नाजूक, झालरीसारखे आणि फुकट. गणपती उठले की सोसायटी माणूस लावून, रोख पैसे मोजून ते खरवडून काढते. आणि दसऱ्याच्या आत प्रवेशदारापाशी ठेवायला नेच्यांच्याच चार कुंड्या विकत आणते. हिशेबाच्या वहीत पहिला खर्च 'स्वच्छता' या सदरात पडतो आणि दुसरा 'सुशोभन' या सदरात. नेचा भिंतीवर असला की घाण, कुंडीत असला की शोभा. माणसाचंही तसंच आहे म्हणा. पण ते असो.

आता घरात येणारी ही पाहुणेमंडळी कोण, ते पाहू. मनी प्लँट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा... नावं वाचताना एखाद्या परदेशी क्रिकेट संघाची यादी वाचतोय असं वाटतं. पण यांचं गोत्र विचारा. ही सगळीच्या सगळी अळूच्या कुळातली! होय, तेच अळू, जे आपल्याकडे मोरीच्या सांडपाण्यावर वाढतं आणि लग्नात फदफदं होऊन पानात पडतं. अळूनं घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या श्रीमंत भाऊबंदांच्याही अंगात आहेत. त्यांच्यातल्या डिफेनबाकियाला इंग्रजीत 'मुकी काठी' अशा अर्थाचं नाव आहे, कारण त्याचं पान चावलं तर तोंड सुजून वाचा बसते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हे लक्षात ठेवा. घरात वक्ता असेल तर काय करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी डोंगराकडच्या वाडीतल्या. माझ्या भाच्यानं वास्तुशांतीला एक 'स्पायडर प्लँट' दिला होता. लांब हिरवी पाती, मधून पांढरा पट्टा, पांढरी कुंडी. मावशींनी तो निरखून पाहिला आणि सौ.ला म्हणाल्या,

"वैनी, ही तं फोडशी! कुंडीत कशापायी लावली? आन् येवढीशी? येका मान्साला बी पुरायची न्हाई."

सौ.नं तिची किंमत सांगितली. मावशी हातातला पोछा टाकून खाली बसल्या.

मावशींचा वनस्पतिशास्त्राचा पेपर मी तपासला असता तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पहिल्या पावसानंतर आमच्या डोंगरउतारांवर उगवणारी, कांदा आणि चण्याची डाळ घालून परतायची ती फोडशी आणि आफ्रिकेतून आलेला स्पायडर प्लँट, दोघंही एकाच क्लोरोफायटम घराण्यातले. सख्खे नव्हेत, चुलत. डोंगरावरची चुलत बहीण आम्ही ओळखत नाही, कारण तिच्या पाठीवर किंमतीची चिठ्ठी चिकटवलेली नसते. (कुंडीतल्याची भाजी मात्र करू नका. नात्यात असलं म्हणून सगळ्यांनाच पानात घ्यायचं नसतं.)

या साथीच्या बाजूनं तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला युक्तिवाद शुद्ध हवेचा. 'अहो, नासानं सिद्ध केलंय!' असं म्हटलं की आमच्याकडे वाद संपतो. पूर्वी 'शास्त्रात लिहिलंय' म्हटलं की संपायचा तसा. नासानं १९८९ साली असा प्रयोग केला होता, हे खरं. पण तो हवाबंद पेटीत केला होता. अंतराळयानात खिडकी उघडता येत नाही, ही त्यांची अडचण होती. त्या पेटीत झाडांनी बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्यं कमी केली. पुढे २०१९ साली दोन अमेरिकी संशोधकांनी असले सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि हिशेब मांडला. साध्या घरात फटींतून, दारांतून जी हवा आपोआप खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. आमचा दिवाणखाना साधारण अठरा चौरस मीटरचा. म्हणजे कमीत कमी एकशेऐंशी कुंड्या आणि जास्तीत जास्त अठरा हजार. मग हवा शुद्ध होईल, पण ती घ्यायला आम्हाला जिन्यात बसावं लागेल. त्यापेक्षा खिडकी उघडा! खिडकीला पाणी घालावं लागत नाही.

पण खिडकी उघडायची नसते, कारण एसी चालू असतो. आणि एसी नसला की धूळ येते, कारण समोरच्या डोंगराला खणण्याचं यंत्र लागलेलं असतं. इथं मला एक जुनी गोष्ट आठवते. घरात झाडं वाढवायची ही विद्या जिथून फोफावली ते लंडन. १८२९च्या सुमारास तिथल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोश झाकणबंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. पतंगाचं काय झालं कोण जाणे, पण त्या मातीत नेचा उगवला आणि वर्षानुवर्षं टिकला. वॉर्डला आनंद का झाला? कारण त्याच्या अंगणात नेचे जगत नव्हते. कोळशाच्या धुरानं मरत होते. मग त्यानं काचेच्या पेट्या केल्या. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं असल्याच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. तेव्हा वॉर्डच्या बाटलीवर रागावून चालायचं नाही. सकाळच्या चहात तिचा वाटा आहे. पण मुद्दा असा, की बाहेरची हवा झाडाला जगू देत नव्हती, म्हणून लंडनकरांनी झाडं आत घेतली. तो त्यांचा नाइलाज होता. आपण तो नाइलाज हौस म्हणून विकत घेतो आहोत आणि बाहेरचं लंडन घडवायचं कामही आपणच मन लावून करतो आहोत.

दुसरा युक्तिवाद, 'लो मेंटेनन्स'. म्हणजे या झाडांचं फार करावं लागत नाही. हा शब्द ऐकला की मला त्या वधुपित्याची आठवण येते, जो 'मुलगी अगदी गरीब गाय आहे हो' असं सांगत असे. गाय गरीब असली तरी तिला चारा लागतो! लो मेंटेनन्सचा खरा अर्थ एवढाच, की हे झाड मरायला वेळ लावतं. स्नेक प्लँट आणि झेडझेड प्लँट पोटात पाणी साठवून ठेवतात. त्यामुळे ते गेले आहेत हे घरच्यांना कळायला तीन-चार महिने लागतात. तोवर त्यांची 'किती छान टिकलंय नाही?' अशी स्तुती चाललेली असते.

झाड कशानं मरतं? शंभरातले बहुतेक लोक म्हणतील, पाण्यावाचून. घरातली झाडं बहुधा पाण्यानंच मरतात. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. रोज तांब्याभर पाणी ओतून माती चिखल केली की मुळं गुदमरतात, कुजतात. मग पानं पिवळी पडतात. पिवळी पानं पाहून मालक कळवळतो आणि आणखी तांब्याभर ओततो. आग्रहानं पाहुणा मारण्याची आपली परंपरा झाडांनाही लागू झाली आहे.

आणि उपास घडतो तो उजेडाचा. पाणी हे झाडाचं जेवण नव्हे. जेवण ते उजेडात शिजवतं. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशीही बाहेर दहा हजारांच्या घरात असतो आणि आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असतो शे-दोनशे. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून आपल्याला तो कोपरा 'चांगला उजेडाचा' वाटतो. झाडाला डोळे नाहीत. त्याला फक्त भूक आहे. आपला मनी प्लँट मूळचा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा. मोकळ्यावर एखाद्या मोठ्या झाडाच्या खोडावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात. घरात हॉर्लिक्सच्या बाटलीत तो आयुष्यभर तळहाताएवढ्या पानांवर भागवतो आणि आपण म्हणतो, याला इथं फार मानवलंय. तुरुंगातला कैदी पळून जात नाही म्हणून त्याला तुरुंग आवडला, असं म्हणण्यापैकीच हे.

यावर अलीकडे एक तोड निघाली आहे. झाडावर खास दिवा लावायचा, म्हणजे झाडाला ऊन पडल्यासारखं वाटतं. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात असा दिवा आहे. भर दुपारी पडदे ओढलेले, कारण उन्हानं सोफ्याचा रंग उडतो. आणि आत झाडासाठी विजेचं ऊन. तो जांभळट दिवा पाहिला की मला हसू येतं आणि पाठोपाठ हसू जातं. कारण हा मुळशी तालुका आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात इथं आंबेमोहोर पिकत होता. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी धरण बांधायला घेतलं आणि १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. शेवटी धरण झालंच. घरं, देवळं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी आजही सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथं वीज होते. उजेड करण्यासाठी ज्या मातीनं अख्खं शिवार दिलं, त्या मातीवर बसून आपण पडदे ओढायचे आणि एका मनी प्लँटला दिवस असल्याचं खोटं सांगायला बटण दाबायचं! विजेची किंमत बिलावर छापलेली असते तेवढीच नसते, हे मुळशीत राहणाऱ्याला तरी कुणी सांगायला नको.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत नाजूक. 'आम्हाला हो निसर्गाची आवड!' इथं मी जरा थांबतो. कारण आवड खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पानाला आलेली नवी सुरळी उलगडताना पाहून ज्याला बरं वाटतं, तो माणूस वाईट नसतोच. अशा माणसानं झाड जरूर लावावं. पण रीतीनं लावावं. खिडकीपासून हातभर अंतरात ठेवावं. कुंडीच्या बुडाला भोक असावं. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहावं आणि बोट कोरडं आलं तरच पाणी घालावं. मुळशीच्या पावसाळ्यात तर हवाच इतकी ओली असते, की आठ-आठ दिवस तांब्याला सुट्टी द्यावी. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकावं, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्या आधी बागेचा लाभ घेतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसावी. खोबरेल तेल चोपडू नये, ती पानं आहेत, शाळेत निघालेली मुलं नव्हेत. कुंडी अधूनमधून फिरवावी. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि ती कुंडी इतरांपासून वेगळी ठेवावी. आणि जेवढ्या कुंड्यांची रोज आठवण राहते तेवढ्याच ठेवाव्यात. माझ्या मते हा आकडा चार आहे. चारच्या वर बाग राहत नाही, वसतिगृह होतं.

एवढं करूनही आवडीची खरी परीक्षा घरात होत नाही. ती होते सोसायटीच्या सभेत.

आमच्या फाटकाशी एक जांभूळ आहे. इमारतीपेक्षा जुनं. इमारत बांधताना ते वाचलं ते कोपऱ्यात होतं म्हणून. कुणाच्या दयेनं नव्हे. गेल्या सभेत ते तोडायचा ठराव आला. आरोपपत्र असं होतं: एक, मे-जूनमध्ये जांभळं पडून गाड्यांवर डाग पडतात. दोन, पानं गळतात. तीन, पक्षी बसतात आणि बसल्यावर पक्षी जे करतात ते करतात. चार, झाड गेलं तर तीन गाड्यांची जागा निघेल. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांच्या घरी चौतीस कुंड्या आहेत. ते झाडांशी रोज सकाळी बोलतात. इंग्रजीत बोलतात, कारण झाडं बाहेरची. त्यांच्या रबर प्लँटचं एक पान गळलं तर घरात सुतक असतं. हा रबर प्लँट म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांचा चुलत भाऊ. तेव्हा वटपौर्णिमेची सोय घरातच झाली म्हणायची. सात फेऱ्यांसाठी सोफा तेवढा सरकवावा लागेल.

मी उठून एवढंच म्हणालो, की १९६४ सालचा राज्याचा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत जांभूळ आहे आणि परवानगीवाचून ते तोडता येत नाही. सभेत शांतता पसरली. मग एक बाई म्हणाल्या, "तोडल्यावर त्या जागी आपण छान कुंड्या ठेवू ना!" टाळ्या झाल्या. वाचकहो, त्या टाळ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. माझं भांडण कुंडीशी नाही. कुंडी ही पळवाट झाली आहे, तिच्याशी आहे. घरात चौतीस झाडं आहेत, म्हणजे आपलं झाडांचं देणं फिटलं, असं वाटायला लागलं की बाहेरचं पस्तिसावं तोडायला हात कचरत नाही. घरातलं झाड आपलं ऐकतं. पानं गाळत नाही, पाखरं बोलावत नाही, आपल्याला नको तेव्हा फळत नाही. बाहेरचं झाड आपल्याला विचारत नाही, हाच त्याचा गुन्हा. पण त्या जांभळाच्या सावलीत फाटकावरचा रखवालदार बसतो, शाळेच्या बसची वाट पाहत पोरं उभी राहतात आणि मावशी घरी जाताना ओटीत दोन मुठी जांभळं नेतात. चौतीस कुंड्यांनी आजवर कुणाला सावली दिल्याचं ऐकिवात नाही.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. माझ्या बाजूनं आजमितीला पाच मतं आहेत, त्यातलं एक सौ.चं, म्हणजे शेवटच्या क्षणी फिरू शकेल असं. तुमच्याही सोसायटीत असं एखादं जांभूळ, आंबा, चिंच असणार आणि आज ना उद्या त्याच्यावरही आरोपपत्र येणार. त्या दिवशी दुपारी झोपू नका. कुंड्यांना घालायचं पाणी तासभर राहू द्या. त्यानं त्यांची प्रकृती सुधारेलच. सभेला जा आणि झाडाच्या बाजूनं हात वर करा. झाडाची निगा राखायला तेवढा हात पुरतो.